परक्याचं खातं

"पासवर्ड चुकीचा आहे." पडद्यावर पुन्हा लाल अक्षरं उमटली, तशी सिस्टरनं चष्मा काढून डोळे चोळले.

नोकरीतून निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी इमारतीत सगळे तिला सिस्टरच म्हणत. इतरांना शीर सापडेना अशा हातातही तिची सुई अचूक बसायची. पण पडद्यावरच्या या खिडकीपुढे तिची मात्रा चालेना. खिडकी अपडेटसाठी पासवर्ड मागत होती आणि वर खातं दाखवत होती ते ना तिचं, ना नवऱ्याचं. कुणा परक्याचाच ईमेल.

मागे नवरा चमच्यानं टेबल वाजवत होता.

"अहो, थांबा ना जरा! मला काय दहा हात आहेत?"

नवरा बस कंडक्टर होता. त्याच्या एका हाकेसरशी गच्च भरलेली बस पुढे सरकायची. घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं आणि ती हाक गेली. तेव्हापासून तो या जुन्या लॅपटॉपवर टाइप करी आणि त्यातला प्रोग्रॅम ते बोलून दाखवी. लॅपटॉप कुणीतरी दान दिलेला. रुग्णालयातल्या थेरपिस्टबाईंनी मिळवून दिला होता. त्यात काही वाक्यं आधीपासूनच भरलेली होती. बटण दाबलं की वाक्य. टाइप करायचा मुळातच आळस, त्यामुळे नवऱ्याचं बरंचसं बोलणं त्यांवरच भागायचं.

कालपासून मात्र वाक्य अर्ध्यावर आलं की ही खिडकी टपकत होती. आणि उद्या तर तपासणीला जायचं होतं.

हेल्पलाइनवर बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग एक मुलगी बोलली. "ताई, प्रोग्रॅम ज्यांच्या खात्यावरून घेतलाय, अपडेटला त्यांचाच पासवर्ड लागतो."

"अगं, पण ते कोण, हेच आम्हाला माहीत नाही."

"मग आहे तो काढून टाका आणि स्वतःचं खातं उघडून नवीन टाका. फक्त आत सेव्ह केलेलं सगळं जाईल. आणि जुना प्रोग्रॅम आज संध्याकाळी बंद पडणार, बरं का."

सिस्टरनं थेरपिस्टबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "थांबा, देणाऱ्यांना विचारते." दुपारी फोन वाजला. एका वयस्क बाईचा आवाज होता. नवऱ्यालाही ऐकू यावं म्हणून सिस्टरनं फोन स्पीकरवर टाकला.

"तो ईमेल आमच्या ह्यांचा," बाई म्हणाली. "पासवर्ड ते सोबतच घेऊन गेले हो. कोड त्यांच्या मोबाइलवर यायचा, तो नंबरही आम्ही बंद केला."

"असू दे. आम्ही नवीन खातं उघडतो. त्यातली तयार वाक्यं तेवढी पुसली जातील. कंपनीचीच असतील म्हणा ती."

"कोणती वाक्यं?"

सिस्टरनं पडद्यावरून वाचली. "खिडकी लाव, वारा लागतोय. चष्मा कुठे ठेवलास? तू जेवलीस का?"



"कंपनीची कसली! ती ह्यांची. पुढे आजारानं बोटंही चालणार नाहीत म्हणून एकेक अक्षर शोधत आधीच लिहून ठेवलेली. जेवलीस का, हे तर रोज दुपारी दाबायचेच."

सिस्टरनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. अख्ख्या संसारात त्यानं तिला कधी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं. हा लॅपटॉप आल्यावर विचारू लागला, तेव्हा तिनं बहिणीला कौतुकानं सांगितलं होतं, "आजारानं माणूस मवाळ झाला गं." आणि आता मवाळ झालेला माणूस विनातिकीट पकडलेल्या प्रवाशासारखा खाली मान घालून बसला होता.

"पुसण्याआधी एकदा ऐकवाल का?" बाई म्हणाली. "आवाज मशीनचाच, कळतं मला. तरी पण."

सिस्टर हात पुढे करणार, तोच नवऱ्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. एकेक वाक्य तो लावत गेला, मध्ये थांबत, म्हातारं माणूस नीट खाली उतरेपर्यंत घंटी न मारणाऱ्या कंडक्टरसारखा. मध्येच खिडकी टपकली, की ती बंद करून तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून.

"तू जेवलीस का?"

"हो, जेवले," पलीकडून बाई सवयीनं म्हणाली. मग तिनं फोन ठेवला.

थोड्या वेळानं सिस्टरनं विचारलं, "काढू आता?" त्यानं मान डोलावली.

नवीन खात्याला पासवर्ड हवा होता. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. पहिला छोटा झाला, पुढचा सोपा झाला. "तुमच्या आईनंसुद्धा इतक्या अटी घातल्या नव्हत्या," सिस्टर पुटपुटली. नवऱ्याचे खांदे हलले. त्याचं हसणं आता एवढंच उरलं होतं.

संध्याकाळी एकदाचा प्रोग्रॅम सुरू झाला. आवाज नवा होता, तरण्याताठ्या पोराचा, उगीचच उत्साही. वाक्यांच्या सगळ्या जागा रिकाम्या.

"उद्या डॉक्टरांना काय विचारायचंय ते भरून ठेवा. नाहीतर नेहमीसारखं मलाच तुमच्या वतीनं बोलावं लागेल."

त्यानं हातानंच तिला बाहेर जायची खूण केली.

ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागली. दाराआडून तो उत्साही आवाज आला, "डॉक्टर, माझ्याकडे किती दिवस आहेत?" मग बराच वेळ नुसती टकटक. पुन्हा आवाज, "डॉक्टर, किती दिवस आहेत ते मला एकट्याला सांगा. हिला आत्ताच कळायला नको." तेच वाक्य त्यानं आवाज कमी करून आणखी एकदा ऐकलं.

रुग्णालयातल्या जुन्या मैत्रिणीनं त्याचा रिपोर्ट तिला परवाच फोनवर वाचून दाखवला होता.

सिस्टरनं नळ मोठा सोडला आणि घासून झालेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.