पिवळीचं बाळंतपण

२०२२ साली, श्रावण सरता सरता, पनवेलजवळच्या करंजाड्यात जगनच्या घरी एक मासळी बाळंतपणाला बसली. तिचं बाळंतपण तोंडात होतं.

ती जातच तशी. आफ्रिकेतल्या तळ्यातली, हळदीसारखी पिवळी, बोटभर लांबीची, स्वभावाने गरीब. मादी अंडी तोंडात घेते आणि पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत तीनेक आठवडे अन्नाला शिवत नाही. जगनच्या लेकीने, रंजिताने, खारघरच्या कॉलेजातून येताना हे मासे पिशवीत आणले होते. आदल्या वर्षी करोनात रंजिता गेली. मागोमाग मासेही एकेक करून गेले. दोन नर आणि ही एकच मादी उरली. जगन न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डातल्या कामावरून आला की कपडे न बदलता माशांच्या काचेच्या टाकीसमोर बसायचा. त्याची बायको वेणू तिकडे फिरकत नसे.

पण पिवळीचा गळा फुगला आणि वेणूची पावलं तिकडे वळू लागली.

"अवो, ही जेवत नाय. पोटुशी हाय का?"

"पोटुशी नाय, तोंडुशी हाय ती," जगन म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी हसला.

तेव्हापासून दोघं त्या पिल्लांची वाट बघू लागली. रंजिताचं म्हणून एवढंच पुढे चालणार होतं.

दिवस भरत आले तशी शेजारची गोदू डोकावली. "अगो वेणू, ही तर माझ्या सासूवानी तोंडात सुपारी धरून बसलीय! आन् रंग तरी काय गो, नजर ठरत नाय!"

वेणू चटकन टाकीसमोर आडवी उभी राहिली. बाळंतिणीला असं कुणी बोलतं? गोदू गेल्यावर तिने मीठ-मिरच्या ओवाळल्या. बाळंतिणीला आडोशाला ठेवतात तशी टाकीभोवती जाड गोधडी घट्ट लपेटली आणि तांदूळ निवडायला बसली. पाण्यात हवा सोडणारी नळी काठाशी दबली, ते तिला कळलं नाही.

संध्याकाळी जगनने गोधडी काढली. मासे वर येऊन तोंडं वासत होते. पिवळीचा गळा सपाट होता. जीव घुसमटला तशी तिने पिल्लं सोडून दिली होती, आणि नरांनी त्यातली बरीचशी टिपली होती.

"वेणू, ह्या काय केलास?" त्याने नळी मोकळी केली.

वेणूने गोधडी गोळा करून बाजूला टाकली. "दिष्ट लागू नये म्हणून झाकली. मना पोरगीबी राखता आली नाय, आन् हीबी नाय."

जगन वाकून टाकीचा तळ न्याहाळत होता. मग म्हणाला, "पोरगी कोनालाच राखता आली नाय गो. इकडं ये. त्या दगडाखाली बघ."

सांदीत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी हललं.

"हाय! आनि त्यो दुसरा!" वेणू ओरडली.

"जाळी नको, भितील. गलास आन."

वेणूने गलास धरून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि एकेक पिल्लू नरांपासून वेगळं, बादलीत काढलं. चुलीवरचा भात लागला तरी दोघं उठली नाहीत.

पिवळीने पुन्हा अंडी धरली नाहीत. त्या थंडीत ती मेली. जगनच्या गुडघ्यांनी दगा दिला, त्याने यार्ड सोडलं. गोदू लेकाकडे उरणला राहायला गेली. फोनवर माशांची चौकशी करते, कौतुक मात्र चुकूनही करत नाही. वाचलेल्या पिल्लांची पिलावळ आता मोठी झाली आहे. वेणू मासे विकत नाही. मागायला येईल त्याला बसवते, चहा देते, आणि हे मासे आमच्या रंजिताने आणले, हे सांगितल्याशिवाय पिशवी हातात देत नाही.