चार बाटल्यांचा क्रम

"काका, ज्याला वासच येत नाही त्याला अर्धं तिकीट पडतं का हो?"

वासांच्या संग्रहालयाच्या तिकीटखिडकीत तोंड घालून हे विचारायची पैज लांबी आणि चष्मिष या माझ्या दोन मैत्रिणींनी लावली होती. मागे सगळा वर्ग रांगेत उभा. तिकीटवाल्या काकांनी मान वर न करता सांगितलं, की त्यांना बारा महिने सर्दी असते, तरी पगार पुरा मिळतो. तेव्हा मीही तिकीट पुरं काढावं. रांग खो खो हसली. सगळ्यात मोठ्यांदा मी.

हसू शकत होते, कारण माझं नाक परत येत होतं. गेल्या वर्षीच्या तापानंतर मला वास यायचा बंद झाला. जेवण म्हणजे नुसतं गरम आणि गार. गॅस सुटला तर हिला कळायचं नाही, म्हणून आईबाबा मला घरी एकटीला ठेवेनात. कुठलंही लग्न असो, बारसं असो, दोघांतलं एकच जायचं आणि दुसरं माझ्या पहाऱ्यावर. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आई रोज सकाळी मला डोळे मिटायला लावून नाकाखाली बाटल्या धरायची. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. कित्येक महिने काही नाही. मग एक दिवस लवंग आली. पुसट, पण आली. मागोमाग लिंबू. आईने फोनवर मावशीला हुंदके देत सांगितलं. आणि वर्गात मागच्या बाकावर मुकी होऊन बसणारी मी, पहिल्या बाकावर जाऊन सगळ्यांची डोकी खायला लागले.

तर आत एका लांब टेबलावर काचेची नरसाळी होती, प्रत्येकाला खाली रबरी फुगा. फुगा दाबला की वास वर येतो. माहिती सांगणाऱ्या ताईंनी विचारलं, डोळे मिटून पहिल्या चारांतलं काय काय ओळखू येतंय, कोण सांगेल? मी सोडतेय होय!

फुगे दाबत गेले. दिमाखात सांगत गेले. गुलाब. लिंबू. लवंग. निलगिरी. खरंच आले होते. लवंग तर नाकात टोचलीसुद्धा.

डोळे उघडले तर लांबी पोट धरून खाली बसली होती. तिला वाटलं, मी आणखी एक गंमत केली. ताई मात्र हसल्या नाहीत. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पहिलं चामडं आहे. मग कॉफी, मग पेन्सिलीचा भुसा. चौथ्यात काहीच नसतं. नाकाला विसावा म्हणून रिकामं ठेवतो."

रिकाम्या नरसाळ्यात मला निलगिरी आली होती.

पुढचं दालन अंधारलेलं होतं. तिथे घराचा वास सोडतात म्हणे. सगळ्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. कशावरही खिदळणाऱ्या लांबीची हनुवटी थरथरायला लागली. चष्मिषने न बघताच आमच्या वर्गाच्या बाईंचा हात धरला. बाईंनीही डोळे मिटलेले. तेवढ्या सगळ्यांत डोळे उघडे असलेली मी एकटी. आपापल्या घरी पोचलेल्या माणसांकडे बंद काचेबाहेरून बघावं तशी बघत राहिले. हाक मारली असती तर कुणी ओ दिली असती, पण मारावीशी वाटेना.

संध्याकाळी आईला म्हटलं, बाटल्या आण, पण या खेपेला कशाही धर. ती म्हणाली, सकाळी बघू, दमली असशील. मी ऐकलं नाही. तिने पाठीमागे हात नेऊन बाटल्या फिरवल्या आणि एक पुढे धरली.

मी गुलाब म्हटलं. आईने दुसरी धरली. लिंबू म्हटलं. बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटायचं अर्धवट सोडलं. मला गुलाब आला होता, लिंबूही आलं होतं, रोजच्यासारखं. तिसऱ्याला मी डोळे उघडले. आईच्या हातात गुलाब होता.

"एखादी चूक होतेच," ती म्हणाली. "परवा लवंग बरोबर ओळखली होतीस ना?"

"परवा लवंग तिसरी होती, आई. रोजच ती तिसरी असते."

बाबा उठून पाणी प्यायले. आई बाटलीचं झाकण लावत होती आणि ते आट्यात बसतच नव्हतं. मी उठून तिच्या हातातून झाकण घेतलं आणि लावलं.

"बाटल्या उद्यापासून बंद," मी म्हणाले. "कधी वाटलं तर माझी मी काढेन. धूर आणि गॅस कळला की कोकलणारं यंत्र मिळतं, बाबा, ते स्वयंपाकघरात लावून घ्या. आणि रविवारी मावशीच्या मुलाच्या लग्नाला तुम्ही दोघंही जा. मी घरी एकटी राहणार आहे."