लॉगटेबलची सवत

मी लॉगटेबलची चोपडी बोलतेय. हो, तीच, आकड्यांनी भरलेली, कुणी हौसेनं वाचत नाही ती. पण मिरजगावच्या गहिनीनाथचं माझ्यावाचून पान हलत नव्हतं, हे आधी ऐकून घ्या.

सत्तर साली नगरला कॉलेजात नाव घातलं त्याच दिवशी त्यानं मला विकत घेतलं. वायूची घनता असो की द्रावणाची तीव्रता, भागाकार अडला की तो मला उघडायचा. मी नुसते आकडे द्यायची. दशांशचिन्ह कुठं टाकायचं ते त्याचं त्यालाच ठरवावं लागे, म्हणून तो आधी कागदाच्या कोपऱ्यात अदमासे उत्तर मांडायचा. बोटाला थुंकी लावून पान उलटायचा, ते मात्र मला मुळीच आवडत नसे.

आणि मग आली माझी सवत! त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, आप्पासाहेब, यांनी पुण्याहून स्लाइड रूल आणली. पांढरीशुभ्र सरकती पट्टी, वर चामड्याचं म्यान. इकडे सरकवली की तिकडे उत्तर. खोलीतला सोबती, बेलापूरचा आसाराम म्हणाला, "लई भारी हाय गड्या!" झालं! गहिनीनाथ हुरळला आणि मी ट्रंकेच्या तळाला, जुन्या स्वेटरखाली. माझा नुसता जळफळाट झाला. मेली चारचौघांत तोंडावर पडू दे, असं मी रोज म्हणायची.

बाहत्तर साली ट्रंकेसकट आम्ही गावी परतलो आणि साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली. घरदार त्या नोकरीकडे डोळे लावून बसलेलं. परीक्षेला तो पट्टी मिरवत गेला. परत आल्यावर आईला, बनाबाईला, काय सांगत होता ते मी ट्रंकेतून ऐकलं.

"आये, बावीस पॉइंट चार लिटर ऑक्सिजनचं वजन बत्तीस ग्रॅम, तर एका लिटरचं किती, एवढंच इचारलं हुतं. एक पॉइंट त्रेचाळीसच्या जागी मी चौदा पॉइंट तीन लिवलं. साहेब समद्यांदेखत म्हनला, एवढा जड ऑक्सिजन नाकात ढकलायला हमाल लावायचा का?"

"पट्टी खोटी हाय व्हय रं?"

"न्हाई. आकडे बराबर हुते. पॉइंट कुठं टाकायचा त्येचा अंदाज मांडायचा मीच इसारलो."

"मग पुन्यांदा बस की."

"न्हाई. आता रसायनाचं नावबी काढू नको."

खोटं कशाला बोलू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

आठवड्यात त्यानं पट्टी आसारामला देऊन टाकली. सवत गेली, आता माझीच पाळी, म्हणून मी वाट बघत बसले. तो आला, ट्रंकेला कुलूप घातलं आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला निघून गेला. त्याला आता दोन महिने झाले.

काल आसारामचं कार्ड आलं. कारखान्यात आणखी एक जागा निघालीय, सोमवारी परीक्षा आहे. बनाबाईनं ते शेजाऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. गहिनीनाथ कामावरून आला, ते ऐकलं आणि हात धुवून जेवायला बसला.

गहिनीनाथा, ऐक रे. ती पट्टी परत आण. माझ्यादेखत खिशात घाल. माझा जीव जळेल, जळू दे. पण सोमवारी परीक्षेला जा.