नाव घेतलंस म्हणून

सोनमचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला, त्यानंतर सहा महिन्यांनी सम्राट इंगवले तिच्या घरी रडायला आला.

गारगोटीजवळच्या त्या वस्तीत सम्राटला कोण ओळखत नव्हतं? त्याची मालिका रोज संध्याकाळी घरोघरी लागायची. सोनमची आई बायडाबाई तर ती संपेपर्यंत भाकरी थापायला बसायची नाही. तोच माणूस आता तिच्या दारात गुडघ्यावर बसला होता. मागं त्याचा वकील आणि मॅनेजर आदर्श उभे होते.

"तुझा पाय माझ्यामुळं गेला, सोनम," तो म्हणाला. "तू म्हणशील ती शिक्षा भोगतो."

सोनम नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. सकाळच्या ड्युटीसाठी स्कूटरवरून कोल्हापूरला निघाली असताना बिद्रीच्या अलीकडं, धुक्यात, त्याच्या गाडीनं तिला उडवलं होतं. गाडी थांबली होती. सम्राट खाली उतरला, जवळ आला, वाकून बघितलं आणि परत जाऊन स्टिअरिंगवर बसला. गाडी निघून गेली. सोनमनं ओढणीनं स्वतःची मांडी आवळून बांधली आणि दुधाचा टेम्पो येईपर्यंत चाळीस मिनिटं तिथंच पडून राहिली. अर्धा तास आधी आणली असती तर पाय राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. पोलिसांना त्याचं नाव तिनंच सांगितलं.

"तो उतरला होता, हे तुला नक्की आठवतं का?" वकिलानं हळूच विचारलं. "एवढं रक्त गेल्यावर माणसाला भास होतात. कोर्टात तेवढं नको काढू. बाकी त्यानं सगळं कबूल केलंयच."

गवंडीकाम करणारा तिचा बाप केरबा म्हणाला, "पोरी, एवढा मोठा माणूस रडतोय. आता आणि काय करायचं त्यानं?"

सोनमलाही ते रडणं खरं वाटलं. शिवाय टीव्हीतला माणूस आपल्यासमोर हात जोडून बसलाय, याची तिला भुरळ पडली. पडली ती पडलीच. "झालं ते झालं," ती म्हणाली.

कोर्टात त्या दिवशी तिच्या आधी इचलकरंजीच्या एका टेम्पोवाल्याचं प्रकरण निघालं. गुंडू त्याचं नाव. त्याच्या टेम्पोखाली एका म्हाताऱ्याचा पाय मोडला होता. गुंडूनं स्वतःच त्याला उचलून दवाखान्यात नेलं होतं. म्हातारा कुबडीवर उभा राहून म्हणाला, "सायेब, ह्येनंच वाचिवलं मला. सोडा त्येला." गुंडू हात जोडून हुंदके देत होता.

"रडून गुन्हा धुतला जात नाही," जज्जसाहेब म्हणाले. "कायद्याचा धाक राहिला पाहिजे." सहा महिने.

पोलिसांनी गुंडूला बाहेर नेलं. लगेच सम्राट उभा राहिला आणि कोर्टातले कारकूनसुद्धा मान उंच करून बघू लागले. त्यानं गुन्हा कबूल केला. वकिलानं त्याची रक्तदान शिबिरं, पूरग्रस्तांना केलेली मदत, आईचं आजारपण सगळं वाचून दाखवलं. मग जज्जसाहेबांनी सोनमला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"त्यांना पश्चात्ताप झालाय," सोनम म्हणाली. "माझी काही तक्रार नाही."

चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर वर्षभरासाठी त्याला सोडलं. शिक्षा नाही. बारा शाळा-कॉलेजांत जाऊन वाहन नीट चालवण्याविषयी बोलायचं, एवढीच अट. समाजानं ज्याच्यावर प्रेम केलं त्याचा पश्चात्तापही समाजाच्या उपयोगी पडावा, असं निकालात लिहिलं होतं.

व्याख्यानाला सोनमनं जावं असं कोर्टानं कुठंच म्हटलं नव्हतं. ती कल्पना आदर्शची. "तू स्टेजवर नुसती बसलीस तरी पोरांवर परिणाम होईल," तो म्हणाला, आणि एखादं पोरगं तरी सावध होईल म्हणून ती गेली.

पहिल्या दोन शाळांत सम्राट रडला तेव्हा तिचेही डोळे भरून आले. तिसऱ्या ठिकाणी तिच्या लक्षात आलं की तो त्याच वाक्याला रडतो. "माझी गाडीतून उतरायचीसुद्धा हिंमत झाली नाही," असं म्हणायचा, थांबायचा, चष्मा काढायचा. मग आदर्श तिला खूण करायचा आणि ती नकली पायावरची सलवार थोडी वर घ्यायची. पोरी हुंदके द्यायच्या. कार्यक्रम संपला की त्याच पोरी सेल्फीसाठी सम्राटभोवती गर्दी करायच्या आणि सोनम जिना उतरायला कुणी हात देतंय का बघत उभी राहायची.

सातव्या व्याख्यानाहून परतताना गाडीत ती म्हणाली, "तुम्ही उतरला होता की."

सम्राट फोन बघत होता. खटला संपला होता. आता त्याला तिची भीती नव्हती. "हो. मग?"

"माझ्याजवळ आला होता. मी तुम्हाला हाक मारली. 'सम्राट सर!' असं म्हणाले मी. मला वाटलं, वाचले मी."

"तिथंच घोळ झाला ना," तो म्हणाला. "नाव घेतलंस. तू ओळखलं नसतंस तर उचलून दवाखान्याच्या दारात टाकलं असतं आणि गेलो असतो. नाव घेतलंस म्हणून निघालो. रक्त इतकं होतं की मला वाटलं, ही काही वाचत नाही." मग पुढं वाकून त्यानं ड्रायव्हरला एसी कमी करायला सांगितला.

सोनम घरी आली. चार दिवस जेवली नाही.

आठवं व्याख्यान गारगोटीच्याच एका कॉलेजात होतं. सम्राटनं चष्मा काढला त्या क्षणी सोनम उठली आणि माईकपाशी गेली.

"हे खोटं बोलत्यात," ती म्हणाली. "हे उतरले होते. मी ह्यांना नावानं हाक मारली, म्हणून मला मरायला टाकून गेले. मागल्या खेपेला गाडीत माझ्या तोंडावर सांगितलंय."

आदर्शचा चेहरा पांढराफटक पडला. पण सम्राटनं वीस वर्षं कॅमेऱ्यासमोर काढली होती. तो पुढं आला, तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि तिच्या नकली पावलावर डोकं टेकवलं.

"खरं बोलतेय ती!" तो ओरडला. "मी उतरलो होतो. मी भेकड आहे! कोर्टाला सांगायची हिंमत झाली नाही, ती आज माझ्या या बहिणीनं मला दिली."

सोनम मागं सरकायला गेली. त्यानं पाऊल दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. आधी एक प्राध्यापक उठले, मग सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. रात्रीपर्यंत तो व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला.

सोनमनं कोर्टात अर्ज दिला. जे लपवलं होतं ते सगळं त्यात लिहिलं. जज्जसाहेबांनी अर्ज वाचला, सम्राटवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचा अहवालही वाचला.

"आरोपीनं हे चारचौघांत स्वतःच कबूल केलंय," ते म्हणाले. "यापेक्षा प्रामाणिक पश्चात्ताप काय असतो? आणि बाई, तुम्ही याच कोर्टात तक्रार नाही म्हणाला होता. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

अर्ज फेटाळला. अधिकाऱ्याच्या शिफारशीवरून सम्राटची हमीची मुदत चार महिने आधीच संपवली.

"कशाला उकरून काढलंस?" घरी केरबा म्हणाला. "लोक मलाच नावं ठेवाय लागल्यात. माफ करून फिरली म्हणत्यात."

वॉर्डात उभं राहायला जमणार नव्हतं, त्यामुळं नर्सिंग सुटलं. एका दवाखान्यानं तिला केसपेपर काढायच्या खिडकीवर बसवलं. तिसऱ्याच आठवड्यात एक बाई खिडकीशी आली आणि तिच्याकडं टक लावून बघत राहिली.

"अगं बाई! त्या व्हिडिओतली तूच की! सम्राटनं तुझं पाऊल धरलंवतं नव्हं? मी लई रडले बघ. नशीबवान हाईस. असा माणूस कोण दुसऱ्याच्या पाया पडतोय?"

"पेशंटचं नाव सांगा," सोनम म्हणाली.

"सांगते की. आधी एक फोटू काढू या, पोरीस्नी दाखवाय. जरा बाहेर ये, पाय दिसंल असा."

रांगेतल्या चौघीपाचजणींनी फोन बाहेर काढले. आतून हेडक्लार्कनं आवाज दिला, "जा गं दोन मिनिटं. रांग खोळंबलीय."

सोनम टेबलाला धरून उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.