चार बोटं जास्त

मी जमीन मोजणीची साखळी बोलतेय. दूर शिकून आलेल्या मोजणीवालीला वाटलं होतं, या कार्यालयात सगळं चोख असेल. पहिल्याच दिवशी तिने दार लोटलं, तर मी खिळ्यावरून निसटून तिच्या पायाशी खडखडत पडले.

"हिला भंगारात का नाही दिलं?" तिने विचारलं. शिपायाने मला उचलून परत खिळ्याला अडकवलं, म्हणून मी राहिले.

लोहाराने मला घडवलं तेव्हा मी बरोबर तेहेतीस फूट होते. मग माणसं मला शेतांतून, दगडधोंड्यांतून ताणत राहिली. माझ्या कड्या एकमेकींवर घासल्या. माणूस झिजला की बारीक होतो, मी लांब झाले. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. माझी मापं खरेदीखतांत उतरत राहिली.

परवा असंच एक खत टेबलावर आलं. 'विहिरीपासून पूर्वेस वीस साखळ्या, पुरलेल्या दगडापर्यंत.' मोजणीवालीने यंत्राने सहाशे साठ फूट मोजले. हद्द शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या स्वयंपाकघरात निघाली. फरशी उचकटून खणलं, तर दगड नाही.

"दगड नव्हताच कधी," काल कार्यालयात शेजारचा सुतार म्हणाला. "हद्दीपुढचे पाच फूट माझे. मावशी, चहा आता अंगणात करा!"

"तुझ्या खुर्च्या डुगडुगतात, तू मला माप शिकवतोस?" मावशी कडाडल्या. मग मोजणीवालीला म्हणाल्या, "ताई, माझी मापाची पट्टी ओढून ओढून वाढलीय. त्या जुन्या पट्टीने माप घेतलं आणि नव्या पट्टीने कापड कापलं, तर झगा अंगात शिरेल का?"

 सगळे गेल्यावर मोजणीवालीने मला जमिनीवर पसरलं, शेजारी पोलादी टेप ठेवला. मी चार बोटं, म्हणजे तीन इंच, जास्त भरले. वीस वेळा चार बोटं म्हणजे पाच फूट. तिने टेप गुंडाळला आणि खत पुन्हा उघडलं.

माझी एकच विनंती आहे. मला ठोकून नीट करू नका. मी चुकीची असेन, पण त्या जुन्या कागदांचा हिशेब माझ्याच अंगात आहे.

आज सकाळी सुतार सही केलेला नकाशा न्यायला आला.

"सही करणार नाही," मोजणीवाली म्हणाली. "कागदात नुसता आकडा नाही, दगडही लिहिलाय; दगड असेल तिथेच हद्द. मी चुकीच्या जागी खणलं. दगड पाच फूट पुढे असणार, मावशींच्या भिंतीपलीकडे. फावडं घ्या, या वेळी तुम्हीच खणा."

आणि तिने मला खांद्यावर घेतलं.