सहापैकी तीन चिंचोके

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आहे. माझ्या चौकटीला सुतळीने एक कागद बांधला आहे. त्यावर गुन्ह्याचा नंबर आणि त्याखाली 'रक्ताचे डाग असलेली फुटकी पाटी, नग एक' असे लिहिले आहे. हे रक्त शहादेव नावाच्या माणसाचे आहे. तो माणूस मरता मरता वाचला. त्याला मारणाऱ्यांना त्याच्या दारापर्यंत कोणी पोहोचवले, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे, कारण ते माझ्यावरच घडले.

मला परळीच्या शिवरात्रीच्या जत्रेतून एका जंगम स्वामींनी विकत आणले. त्यांनी तासभर बसून आरीने माझ्या अंगावर कुंडलीची बारा घरे कोरली. पेन्सिलने लिहिलेले ग्रह पुसले जात, पण घरे तशीच राहत. त्यांच्यानंतर मी त्यांच्या मुलाकडे, अण्णाराव स्वामींकडे आले. लोक त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येत. हरवलेली वस्तू मिळेल का, सोयरीक जमेल का, घर सोडून गेलेला माणूस परत येईल का? प्रश्न ज्या मिनिटाला विचारला, त्या मिनिटाची कुंडली अण्णाराव माझ्यावर मांडत.

त्यांच्या घरची एक रीत होती. कुंडली मांडून झाली की ते सहा चिंचोके हातात घेत. कुंडलीत सहा गोष्टी तपासायच्या आणि प्रत्येक गोष्टीचा एक चिंचोका ठेवायचा. 'होय' म्हणणारा उजवीकडे, 'नाही' म्हणणारा डावीकडे. सहापैकी निदान पाच एका बाजूला आले, तरच बोलायचे. चार-दोन किंवा तीन-तीन झाले, की मला पालथी घालायचे आणि म्हणायचे, "आज पाटी मुकी हाय."

रतनबाईंचा भाऊ कारखान्यावर गेला तो परतलाच नव्हता. त्यांनी तीन वेळा प्रश्न विचारला आणि मी तीनही वेळा पालथी पडले. त्या चिडल्या नाहीत. "खोटं सांगण्यापरीस बरं," असे म्हणून चहा पिऊन गेल्या. ग्रह खरे बोलतात का, हे मला ठाऊक नाही. मी दगड आहे. पण मोजायला घेतलेले सगळे मोजून मगच बोलावे, एवढे मी त्या घरात शिकले होते.

दसरा झाला. कोजागरीनंतर गावात शंकरपट होता. बंकटचा बैल, वादळ, दोन वर्षांत एकही शर्यत हरला नव्हता. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी गोठ्यात नुसते दावे होते. साडेसातच्या सुमारास बंकट पंधरा-वीस माणसे घेऊन अण्णारावांच्या पडवीत आला. कोणाच्या हातात काठी होती, कोणाच्या हातात बैलाच्या जुवाची लाकडी खुंटी, शिवळ. मोटरसायकली बाहेर चालूच होत्या.

"स्वामी, माझा बैल कुणी नेला ते सांगा," बंकट म्हणाला. "बाकीचं आमी बघतो."

"आधी बस तरी."

"बसायला आलो न्हाई."

अण्णारावांनी मला मांडीवर घेतले. कन्या लग्न निघाले, पण शेवटच्या अंशात. मी मनात म्हटले, शेवटच्या अंशाचा प्रश्न जिरून गेलेला मानतात, त्याला उत्तर नसते; आता मी पालथी होणार. अण्णारावांच्या हे लक्षात आले नसेल असे नाही. पण त्यांच्या पडवीत इतकी माणसे कित्येक वर्षांत आली नव्हती. लोक आता मोबाइलवर भविष्य पाहत होते. सगळ्यांना दिसेल असे मला तिरके धरून त्यांनी ग्रह मांडले.

"सातवं घर चोराचं. तिथं शनी," असे मोठ्याने म्हणून त्यांनी एक चिंचोका उजवीकडे ठेवला. "शनीची नजर चौथ्या घरावर. ते जनावराचं." दुसरा चिंचोका उजवीकडे. "धनी मंगळाच्या तावडीत." तिसराही उजवीकडे.

"म्हंजी चोरीच की!" मागून कोणीतरी ओरडले.

"थांब बे. स्वामी, शनी म्हंजी कसला माणूस?" बंकटने विचारले.

तीन चिंचोके अजून त्यांच्या मुठीत होते. सगळी पडवी त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. अण्णाराव पाठ केलेले वाचावे तसे म्हणाले, "सावळा. कमी बोलणारा. पायानं अधू. दिशा पश्चिम."

मग शिवळ हातात असलेला माणूस म्हणाला, "लंगडा शहादेव." पुढच्या मिनिटाला पडवी रिकामी झाली.

अण्णारावांनी उरलेले तीन चिंचोके मांडले. गुरू त्याच चौथ्या घराकडे पाहत होता, डावीकडे. चंद्र उच्चीचा होता, डावीकडे. लग्नाचा शेवटचा अंश, डावीकडे. तीन-तीन. त्यांच्या पत्नी बसम्मा ओल्या हाताने दारात येऊन उभ्या होत्या.

"अहो, बघताव काय? मारतील की त्याला!"

अण्णारावांनी मला काखेत मारले आणि ते अनवाणी पळत सुटले.

शहादेवचे पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार वेढून भरण्याचे दुकान गावाच्या पश्चिमेला, बुद्धविहाराच्या पुढे, वडवणीच्या रस्त्यावर होते. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय वाळला होता. पण त्याच्या हाताची तांब्याच्या तारेची भरण आसपासच्या सगळ्या विहिरींवर चालत होती. बंकटच्या विहिरीवरची मोटारही त्यानेच भरलेली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्याला दुकानातून बाहेर ओढलेले होते. तो चिखलात कुशीवर पडला होता आणि त्याच्या बरगड्यांवर काठ्या पडत होत्या. चिखलात मारलेल्या काठीचा आवाज आणि माणसाच्या अंगावर मारलेल्या काठीचा आवाज वेगळा असतो. मी दोन्ही ऐकले.

"वादळ कुठं हाय?"

"बंकटभाऊ, मला काय म्हाईत? तुमच्या बैलाला म्या पाणी पाजलंय हो, मी कावून..."

बंकटने त्याच्या उजव्या हाताच्या मनगटावर पाय ठेवला. शिवळवाल्याने बोटांवर शिवळ हाणली. पुन्हा हाणली. तिसऱ्यांदा हाणली तेव्हा शहादेव ओरडलाही नाही. त्याची पत्नी सिंधुबाई मध्ये पडली, तर एकाने तिला केसाला धरून भिंतीवर आपटले.

अण्णाराव गर्दीत घुसले आणि मला दोन्ही हातांनी शहादेवच्या डोक्यावर धरून ओरडले, "तीन-तीन हाय रे! कौल न्हाई! ह्यानं काय केल्यालं न्हाई!"

"आता सांगताव व्हय? मघाशी पश्चिम कोण म्हनलं?" कोणीतरी हसत म्हणाले.

एकाच्या हातातला लोखंडी पाइप खाली आला. तो माझ्यावर बसला. पाचव्या घरापासून अकराव्या घरापर्यंत मी तडकले आणि माझा एक कोपरा उडाला. मित्रांनो, मला वाटले होते की मी त्याला वाचवले. पण तो उडालेला कोपरा सरळ शहादेवच्या भुवईत शिरला. त्याच्या डोळ्यात रक्त उतरले, आणि तेच माझ्या अंगावर सांडले. पाइप पुन्हा वर गेला.

तेवढ्यात सिंधुबाई उठली. दुकानात मोटारी तपासायचा बोर्ड होता आणि त्याच्या दोन लांब वायरींची टोके उघडी होती. तिने बटण दाबले. एकेक वायर एकेका हातात घेऊन ती बाहेर आली. तिने टोके एकमेकांना टेकवली, तेव्हा निळी ठिणगी उडाली आणि सगळे दचकले.

"या. चिखलात उभे हाव समदे. या पुढं. कोण येतंय?"

कोणी पुढे गेले नाही. शिव्या देत ते एकेक पाऊल मागे सरले, मग मोटरसायकली सुरू झाल्या.

टमटममधून शहादेवला आधी वडवणीला आणि तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. अण्णाराव मला घेऊन घरी आले. त्यांनी ओले फडके उचलले, तेव्हा बसम्मांनी त्यांचे मनगट धरले.

"पुसू नका."

"अगं, रक्त हाय ते."

"म्हनूनच पुसू नका. पोलीस येतील. त्यांना दावा." दुपारी पोलीस आले. पंचनामा झाला आणि मी त्या घरातून निघाले.

तिसऱ्या दिवशी बंकटच्या स्वतःच्या शेततळ्यात वादळ फुगून वर आला. शेततळ्याला काळ्या प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. पाणी प्यायला उतरलेल्या जनावराचे खूर त्यावरून घसरतात आणि त्याला वर येता येत नाही. कागदावर खुरांचे ओरखडे होते. रात्रभर त्याने धडपड केली असावी. कोणी चोरलेच नव्हते. हे मी ठाण्यातल्या शिपायांच्या बोलण्यातून ऐकले.

गेल्या आठवड्यात मला कोर्टात नेले. तिथे शहादेवला पाहिले. भुवईवर व्रण आहे, बरगड्या जुळल्या आहेत. उजव्या हाताची तीन बोटे मात्र मिटत नाहीत. त्याला आता तार भरता येत नाही. दुकानात सिंधुबाई तार भरते आणि तो शेजारी बसून वेढे मोजतो.

अण्णाराव साक्षीला उभे राहिले. 'मी त्यांना काही सांगितले नाही, मी पंचांगच वाचत होतो,' असे म्हटले की सुटाल, असा सल्ला त्यांच्या भाऊबंदांनी दिल्याचे लोक बाहेरच्या बाकावर कुजबुजत होते. आरोपींच्या वकिलांनी मला उचलून त्यांच्यासमोर धरले.

"ही पाटी तुमचीच?"

"माझीच."

"आरोपी निघाले तेव्हा हिच्यावर किती चिंचोके होते?"

"तीन. समदे चोरीकडचे."

"म्हणजे कुंडलीत चोरी होती. या लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवला. बरोबर?"

"कुंडलीत तीन-तीन होते, साहेब. तीन माझ्या मुठीत ऱ्हायले. त्याच्या आधी मी बोललो."

"का बोललात? कोणी धमकी दिली?"

अण्णारावांनी शहादेवच्या हाताकडे पाहिले. "न्हाई. लई दिवसांनी माणसं जमली होती. मला बरं वाटलं."

न्यायाधीशांनी ते वाक्य लिहून घ्यायला सांगितले. वकील खाली बसले. अण्णारावांवर आता काय होईल, हे मला माहीत नाही. सिंधुबाई मात्र त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहून, नमस्कार नाही, पण मान डोलावून गेली.

मित्रांनो, खटला संपला की मला कोणाच्या तरी ताब्यात देतील. माझी एक विनंती आहे. मला पुन्हा कोणाच्या पडवीत नेऊ नका. मी फुटकी असले तरी माझी मागची बाजू अजून गुळगुळीत आहे. मला एखाद्या शाळेत द्या. तिथे बेरीज चुकली की मुले थुंकी लावून पुसतात आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतात. माझ्यावर चुकलेल्या उत्तरामुळे तिथे कोणाचीही बोटे मोडणार नाहीत.