आर्डिसचे आकडे

डेल्बर्टने अकरा वर्षं गॅरेजमध्ये विमान बांधलं आणि त्या नादात उडायचंच राहून गेलं. आमच्या आयोवात हा रोग जुना आहे. उडण्याचा अनुभव उणापुरा सत्तर तास, तोही शिकाऊ खटाऱ्यावरचा. आणि बांधलं काय, तर ताशी दोनशे मैल पळणारं! विमा कंपनी म्हणाली, तसल्याच विमानात दहा तास शिका, मास्तरची सही आणा, मग उडवा. मास्तर म्हणजे मी.

नऊ तास झाले. माझं विमान धावपट्टीवर पोचायचं तेव्हा डेल्बर्टचं डोकं अजून मागे मक्याच्या शेतावर असायचं. मी घसा फोडायचो, तो “हो मास्तर” म्हणायचा आणि दर वेळी वीस मैल जास्त वेगाने आदळायचा. सही मिळाली नाही तर त्याच्या विमानाचं पहिलं उड्डाण मेहुणा वेंडेल करणार होता. तो रोज हातमोजे घालूनच येऊन बसायचा. त्या मोज्यांचा मला मनस्वी राग यायचा.

“घरी तर हा सुरेख उतरतो,” डेल्बर्टची बायको आर्डिस म्हणाली.

“घरी?”

“गॅरेजमध्ये. रोज जेवणाआधी. हा विमानात बसतो, मी शेजारी बादली उपडी घालून बसते आणि वेग सांगते. शंभर, नव्वद, ऐंशी.”

“अहो बाई, गॅरेज हलत नाही!”

“म्हणून तर सुरेख.”

दहाव्या तासाला वैतागून मी तिच्या हाती विमानाशी बोलायचा रेडिओ दिला. ती पट्टीच्या कडेला बादलीवर बसली. वेगाचा काटा तिला दिसणं शक्यच नव्हतं. ती नुसती रोजच्या चालीत म्हणत गेली, “शंभर... नव्वद...” आणि काटा मुकाट तिच्यामागून उतरत गेला. चाकं टेकली ते मला कळलंही नाही. लाज वाटली, पण सही केली.

शनिवारी डेल्बर्ट स्वतःच्या विमानात एकटा वर गेला. परतताना आर्डिस “नव्वद” म्हणाली आणि पट्टीवर दोन हरणं येऊन उभी राहिली.

“वर घे!” वेंडेल इकडून बोंबलला. हे मीही शिकवलं होतं, पण माझं शिकवलेलं डेल्बर्टला दोन मैल उशिरा आठवायचं.

आर्डिस पांढरीफटक पडली. आवाज मात्र रोजचाच. “डेल्बर्ट, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून ये.”

इंजिन गरजलं. विमान हरणांच्या डोक्यावरून वर गेलं.

“गॅरेजमध्ये मधेच काम सांगितलं की हा असंच करतो,” ती पुटपुटली. “आधी इंजिनाची दांडी पुढे ढकलून ‘वर’ जातो, मगच खाली उतरून डबा ठेवतो. मला वाटायचं, टाळाटाळ.”

हरणं गेली. ती पुन्हा शंभरपासून म्हणाली. ऐंशीला चाकं टेकली. वेंडेलने मोजे काढून टाळ्या वाजवल्या.

डेल्बर्ट उडी मारून उतरला आणि खरोखर इकडेतिकडे बघायला लागला. “आर्डिस, डबा कुठाय?”

ती बादलीवरून उठेना. डोळे भरले होते.

“अगं, उतरलो ना नीट?”

“रोजच उतरतोस रे,” ती म्हणाली. “पण तू परत येतोस की नाही, हे आज पहिल्यांदा बघत बसले.”